चौकातला बाक आणि पिवळी चिठ्ठी

शहर नागरिकांचं असतं, ही गोष्ट नागरिकांना आपणहून कळत नाही. ती त्यांना बैठक बोलावून कळवावी लागते.

चौकाच्या कोपऱ्यात एक दगडी बाक होता. तो कुणी, कधी, कुणाला विचारून ठेवला याची नोंद कुठेच नव्हती. अशा बेफिकीर कारभारातून जे व्हायचं तेच झालं होतं. लोक त्यावर बसत.

कंपाउंडरकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. काकूंचे गुडघे त्यांच्याही आधी. घरापासून दवाखाना नऊ मिनिटांवर. काकूंना अर्धा तास लागे, त्यातली दहा मिनिटं त्या बाकावर. आठवड्यातून दोनदा शेक घ्यायला जायचं, आणि बाक होता म्हणूनच जाणं होत होतं.

मग नगरपालिकेत लोकसहभाग कक्ष उघडला आणि चौक लोकांनीच घडवायचा असं ठरलं. पहिलं पाऊल म्हणून बाक उचलून नेला. (समोर बाक असला की लोकांची कल्पनाशक्ती बाकावरच बसून राहते, असा कक्षाचा अनुभव आहे.)

शाळेच्या हॉलमध्ये बैठक भरली. तिथे एकशे वीस खुर्च्या होत्या, सगळ्या पाठीच्या. हिरव्या चिठ्ठीवर स्वप्न लिहायचं, पिवळीवर तक्रार. काकांनी हिरवीवर लिहिलं, ‘बाक हवा.’

कक्षाच्या आर्किटेक्ट बाई फार प्रेमळ होत्या. त्या काकांच्या शेजारी येऊन बसल्या.

“काका, डायरेक्ट बाक नका ना मागू. बाक हे उत्तर झालं. आपण अजून प्रश्नावर आहोत.”

“बरं. मग काय लिहू?”

“बाकावर बसलं की काय वाटायचं, ते लिहा.”

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “बसल्यासारखं वाटायचं.”

बाईंनी हिरवी चिठ्ठी काढून घेतली आणि पिवळी दिली. “काही खटकायचं का तिथे?”

खटकत तर होतंच. काकांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘रिकामटेकडे लोक तासन्‌तास बसून असतात. असं कुणीही येऊन बसलेलं चालता कामा नये.’ लिहून झाल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं. आपलं कुणीतरी ऐकतंय, असं दवाखान्यात चाळीस वर्षांत त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

एकूण चार बैठका झाल्या. त्या काळात काकू विजेच्या खांबाला धरून दम खायच्या. तिसऱ्या बैठकीनंतर त्यांनी दवाखाना सोडला. “मी घरीच बरी,” म्हणाल्या. “अगं, थोडंच राहिलंय, प्रक्रिया चालू आहे,” काका म्हणाले. त्यांचा खरोखर विश्वास होता.

सहाशे चाळीस चिठ्ठ्यांचा अभ्यास झाला. स्वप्नांत एकवाक्यता नव्हती. (कारंजं, सावली, शांतता, पार्किंग, दुसरं कारंजं.) तक्रारींत मात्र होती. दोनशे अकरा जणांनी आपापल्या शब्दांत एकच लिहिलं होतं, की तिथे कुणीतरी बसलेलं असतं. यावरून कक्षाने काढलेला निष्कर्ष कुणालाही मान्य व्हावा. लोकांचा विरोध बाकाला नाही, बसण्याला आहे.

त्यानुसार चौकात ‘टेकण’ बसवण्यात आलं. कमरेइतक्या उंचीची, पुढे उतरती, चकचकीत स्टीलची पट्टी. सरासरी मुक्काम दीड मिनिट. रिकामटेकडा एकही आढळलेला नाही. शेजारी फलक आहे, त्यावर निवडक चिठ्ठ्या जशाच्या तशा, मोठ्या करून छापल्या आहेत.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी काकांनी काकूंना मोठ्या उमेदीने नेलं. काकू टेकल्या आणि घसरल्या. काकांनी दंड धरला म्हणून निभावलं. तसंच उभं राहून काकूंनी फलक वाचला, आणि एका पिवळ्या चिठ्ठीपाशी थांबल्या. औषधांच्या बाटल्यांवरचं ते अक्षर त्यांना लांबूनही ओळखू आलं असतं.

“हे तुमचं ना?”

“हो.”

“छान आलंय,” काकू म्हणाल्या.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखाना चार मिनिटांवर होता, घर पाच. काकू घराकडे वळल्या.

उरलेल्या दोनशे दहा चिठ्ठ्यांवर कुणाचंच नाव नाही. कक्षाने त्या नीट जपून ठेवल्या आहेत आणि कामाच्या वेळेत त्या कुणालाही पाहता येतात. तुम्हीही एकदा जाऊन या. स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. (तिथे बसायची सोय नाही.)