अजून अर्धा आटा

मनोहरभाऊंच्या हातात पेचकस दिला की स्क्रू तुटतो. तुटतो म्हणजे तुटतोच. डोकं बाहेर पडतं, धड आत राहतं, आणि हा माणूस आपल्याकडे असा पाहतो की जणू आपणच त्या स्क्रूला फितवलं होतं.

राळेगावात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. अख्खा जन्म जिनिंगमध्ये गेला, फिटर म्हणून. कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस ह्यांच्या ताब्यात. त्या प्रेसचा बोल्ट ढिला राहिला तर माणूस जायचा, म्हणून हे पान्याच्या दांडीत लोखंडी पाइप घालायचे आणि त्यावर सगळ्या अंगाचा भार टाकून लोंबकळायचे. बोंडअळीच्या वर्षी कापूसच आला नाही. जिनिंगला कुलूप लागलं ते लागलंच. मुलगा प्रशांत तिथंच कामाला होता, तो पुण्याला निघून गेला. बायको आधीच गेलेली. राहिले हे आणि ह्यांचा तो हात, आणि तो हात गल्लीत मोकाट सुटला.

नेमकी त्याच सुमारास गावात खोक्यातली फर्निचरं यायला लागली. मोबाइलवर मागवायचं, घरी खोकं येतं. आत भुशाच्या फळ्या, पिशवीभर स्क्रू, एक वाकडी चावी आणि चित्रांचा कागद. खोक्याची गाडी वळणावर दिसली की मनोहरभाऊ चपला शोधायला लागतात. बोलावणं कोणी करावं लागत नाही, आणि नको म्हटलेलं ऐकू येत नाही.

"चित्रं काय पाहून राह्यल्या, वहिनी? चित्रात जोर दिसते का?" असं म्हणून कागद घडी करून खिशात. मग बसतात पिळायला. स्क्रू बसतो. छान बसतो. देवा, आता तरी ह्यांना थांबव, असं आपण मनात म्हणतो, आणि हे मान तिरपी करून म्हणतात, "अजून अर्धा आटा जाते."

कट्.

पुढचं तर त्याहून वाईट. बाजूला दुसरं भोक पाडा म्हटलं तर ह्यांना ते पाप वाटतं. "मेलेलं आत ठिवून वर नवा संसार मांडता काय? पयले ते निंघालं पाह्यजे." मग खोबरेल तेल, मग छिन्नी, मग पक्कड, मग नुसतं टक लावून बघत बसणं. कंपाउंडरच्या घरचं कॉम्प्युटर टेबल पाय वर करून कितीतरी दिवस ओसरीत पडलं होतं. येणारा-जाणारा त्याच्या पायाला छत्री अडकवायचा. माझ्या कळंबच्या बहिणीकडे टीव्हीच्या स्टँडचा स्क्रू तुटला, तो ह्यांनी नव्हे, तिच्या नवऱ्याने तोडला. मी मूर्खासारखं ते ह्यांच्यापुढे बोलून गेले. हे दुसऱ्या दिवशी एसटीनं कळंबला. संध्याकाळी परत आले तेव्हा मी विचारलं, "चिंतामणी गणपतीचं दर्शन तरी घेतलं का?" तर म्हणे, "वेळ कुठं होता? अर्धा निंघालता."

असा माणूस. आणि त्याच्या तावडीत माझ्या लेकीचा पलंग सापडला.

आमची स्वाती पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जमिनीवर निजायचं नाही, खाली वाकून उठबस नाही. आमच्याकडे सगळे गादी टाकून खाली निजणारे. एक जुनी बाज होती, तिच्यात निजलं की माणूस मध्यभागी गोळा होतो. म्हणून जावयांनी पलंग मागवला. रविवारी दुपारी ती येणार आणि खोकं आलं शनिवारी सकाळी. मी दार लावून घेतलं होतं हो! मागच्या अंगणातून आले.

"पोरगी येऊन राह्यली न? मंग पलंग मजबूत पाह्यजे."

"भाऊ, बोटांनी पिळा फक्त. तुमच्या पाया पडते."

"हो, हो," म्हणाले. आमचे हे पेपर उघडून त्यामागे दडले. डोक्याकडच्या पायात आडवी पट्टी बसवायचा मोठा बोल्ट, तो सुरेख बसला. मी ओरडले, "बस, झालं!" तोवर मान तिरपी झालेली.

दिवस मावळेपर्यंत छिन्नी चालू होती. घरभर भुसा. बोल्टाचा तुकडा तसूभर हलला नाही, पलंगाच्या पायाला मात्र चीर गेली. शेवटी माझा तोल सुटला.

"मनोहरभाऊ, हा पलंग हाय, कापसाची गाठ नाही! तुमचं जिनिंग बंद पडलं! उद्या पोटुशी पोरगी येऊन राह्यली, तिले कुठं निजवू मी, तुमच्या डोक्यावर?"

ते उठले. अवजारं तिथंच टाकून निघून गेले.

रविवारी सकाळी आमचे हे सुताराला शोधत फिरले, सुतार लग्नाला गेलेला. बोल्ट आणावे म्हटलं तर चिरलेल्या पायात ते धरणार कसे? स्वाती तिकडून निघालीसुद्धा. मी तणतणत मनोहरभाऊंच्या दारात गेले, म्हटलं तुम्हीच तोडलं, आता तुम्हीच सांगा काय करायचं ते.

दार उघडंच होतं. मधल्या खोलीत एक मोठं खोकं फाडून ठेवलेलं. आत फळ्या, पिशवीभर स्क्रू, वाकडी चावी. आमच्यासारखाच पलंग, रंग तेवढा काळपट. खोक्यावर मनोहरभाऊंचं नाव होतं आणि धूळ अशी की वर बोट फिरवलं तर रेघ उमटावी. शेजारी जमिनीवर त्यांची सतरंजी अंथरलेली.

"भाऊ, हे कधी आलं?"

"प्रशांतनं पाठोलंतं. मागच्या दिवाळीच्या आधी." ते खोक्यातून एक पाय काढत होते. "म्हणे, बाबा, तुमी हात नोका लावू, तोडसान. मी आलो का आपन दोघं मिळून लावू."

"मग?"

"मंग त्याले सुट्टी नाई भेटली." पाय हातात घेऊन ते उभे राहिले. "चाला. पोरगी रस्त्यात असन."

गावात एवढी खोकी फोडली ह्या माणसानं, पण हे एक जपलं होतं. "आणि तुमचा पलंग?" मी विचारलं.

"माहं काय हाय, मी खाली निजतो."

आमच्या घरी आल्यावर त्यांनी पाय धरला आणि चावी माझ्या हातात दिली. "तुमी पिळा, वहिनी. माह्या हाताले थांबता येत नाई."

मी पिळलं. पलंग उभा राहिला, अगदी सरळ. स्वाती आली, टेकली, पाय वर घेऊन "आई गं, बरं वाटलं" म्हणाली. मनोहरभाऊंनी कोपऱ्यातून पलंग जरासा हलवून पाहिला.

मी चहा घेऊन बाहेर गेले तर ते ओट्यावर पाठमोरे बसून फोनवर मोठमोठ्यानं बोलत होते.

"हो, लावला न! एकट्यानं लावला, एकबी तुटला नाई. मस्त झोप येते, बाप्पा... नाई, नाई, आता त्या पलंगासाठी सुट्टी काढू नोको तू."

मग हळूच म्हणाले,

"तसाच येजो."