बारानंतरची विद्यार्थिनी

"बारा वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाय गो. आणि लिवायचं पण नाय, लिवलं तरी ते बोलल्यासारखंच. देव काय सांगतो ते ऐकायचं."

धोंडुबाईंनी सुनेला हे सांगितलं तेव्हा गोदूबाई हमरापुरात नवी नवरी होती. पुढं सासू गेली, नवरा पुंडलिक गेला, पण नेम राहिला. चातुर्मास लागला की गोदूबाईचं तोंड रोज दुपारी बाराला उघडायचं. एरवीही ती इतकं हळू बोलायची की रिक्षावाला तिचं ठिकाण मागं टाकून पुढं जायचा आणि तिला परत आणून सोडायचा. "मौनानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" असं ती मोठ्या अभिमानानं सांगायची, म्हणजे कुजबुजायची.

झालं. पहिलं वाईट तिचंच झालं.

त्याचं असं की गोदूबाई फार पूर्वी दहावीला गणितात राहिली होती. लेक मनस्वी बारावीनंतर कॉलेज सोडून डोलवीला एका ठेकेदाराकडं कामाला जायला लागली, तेव्हा मायलेकींत करार झाला. आईनं दहावी पास व्हायचं, मग लेकीनं कॉलेजात परत जायचं. म्हणून गोदूबाई रोज संध्याकाळी पेणला, रामवाडीत, मोठ्या माणसांच्या वर्गाला बसायची. ठेकेदार बोलावील तेव्हा मनस्वीला काम, गणपतीच्या हंगामात गोदूबाईला काम, आणि बाकी दिवस निराधार म्हणून मिळणारी सरकारी मदत. रक्तदाबाच्या गोळ्या आणि रामवाडीची रिक्षा या मदतीतूनच निघायची.

श्रावणातली सकाळ. गोदूबाई मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखत बसली होती. या कामात श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. दारात मोटरसायकल थांबली.

"मावशी, मी सुशील. कचेरीतून मदतीच्या तपासणीला आलोय. तुम्ही शिकता म्हणे, खरं का?"

नेम करणारी बाई खोटं कसं सांगेल? तिनं मान हलवली.

"रोज जाता?"

पुन्हा मान.

"दिवसभर असते का शाळा?"

आता मात्र गोदूबाईनं कुंचला खाली ठेवला. भिंतीवरच्या घड्याळातल्या बारावर बोट दाखवलं, मग आपल्या तोंडाकडं. अर्थ सरळ होता: बारा वाजू दे रे बाबा, मग सगळं सांगते.

"बारापर्यंत का? आणि मग घरी येऊन जेवण. छान हाय तुमचं, मावशी."

त्यानं हातातल्या यंत्रावर टकटक केली आणि धूर सोडत गेला. गोदूबाई हात पसरून दारात उभी. मागं गणपतीचा एकच डोळा आखून झाला होता, आणि त्या एका डोळ्यानं देव तिच्याकडं बघत होता.

पुढच्या महिन्यात मदत आली नाही.

बारा वाजून गेल्यावर गोदूबाई पेणच्या कचेरीत गेली. तिथं हरेश साहेब बसायचे. चेहरा साच्यातून नुकत्याच काढलेल्या मूर्तीसारखा, अजून कुठलाच भाव न रंगवलेला. "सकाळची शाळा. नियमित विद्यार्थिनी. मदत बंद," ते म्हणाले.

"का पण, साहेब?"

"काय म्हणालात? मोठ्यानं बोला. हे बघा, शिकणाऱ्याला कुणीतरी शिकवत असतं. कुणीतरी म्हणजे आधार. आधार आहे म्हणजे तुम्ही निराधार नाही."

हे नियमात लिहिलेलं होतं की साहेबांना सकाळी दाढी करताना सुचलं होतं, देव जाणे.

"वर्ग संध्याकाळचा हाय, साहेब."

"मग तसा दाखला आणा. मुख्य केंद्र रोह्याला आहे. नाहीतर शिक्षण सोडल्याचं लिहून द्या, पुढच्या महिन्यापासून सुरू करतो. सोपं आहे."

शिक्षण सोडा, म्हणे. पानातली मिरची बाजूला काढा म्हणावं तसं. गोदूबाईला राग आला. आणि तिची गंमत अशी की राग चढेल तसा तिचा आवाज उतरतो. "बरं," ती म्हणाली, ते तिलासुद्धा ऐकू आलं नाही.

रोह्याच्या केंद्रात दुपारी रिझवाना मॅडम भेटल्या. बाई मनानं चांगली, पण तिचा कॉम्प्युटर तिच्यासारखा नव्हता.

"काकू, दाखला देते की. पण हा पालकाचं नाव मागतो. त्याशिवाय पुढंच सरकत नाय."

"माझे आईबाप केव्हाच गेले."

"मग कोण हाय घरात?"

"मी हाय," मनस्वी म्हणाली. त्या दिवशी ठेकेदारानं बोलावलं नव्हतं म्हणून ती बरोबर आली होती. "टाका माझं नाव. अभ्यासाला बस म्हणून ओरडते मीच. पालक आणखी काय करतो?"

रिझवाना मॅडम हसल्या आणि कॉम्प्युटर एकदाचा पुढं सरकला. वर्ग संध्याकाळचा. विद्यार्थिनी गोदूबाई. पालक मनस्वी. परतीच्या एसटीत लेकीनं आईला विचारलंसुद्धा, "गृहपाठ झाला का गो?"

मनस्वीला दुपारची शिफ्ट होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दोघी सकाळीच पेणला पोचल्या. बारा वाजायला अवकाश होता. साहेबांनी दाखला वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला.

"पालक! बघा, मी म्हणालो नव्हतो? आधार सापडला."

"अहो, मी लेक आहे त्यांची," मनस्वी उसळली. "ठेकेदार बोलावील तेव्हाच मला काम."

"ते मला नको सांगू. त्यांना बोलू दे. काय हो बाई, कबूल आहे ना?"

गोदूबाई गप्प.

"बघ, कबूल आहे."

"त्यांचं मौन हाय, साहेब!"

"तेच म्हणतोय मी. बोलायला तोंडच नाही त्यांना."

गोदूबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं घड्याळाकडं डोळे लावले. तो काटा इतका सावकाश चालला होता, जणू त्याचाही पगार याच कचेरीतून निघत होता. शेवटी बारा वाजले.

"साहेब," ती म्हणाली.

इतक्या हळू, की रांगेतली माणसं पुढं सरकली. कारकून उठून जवळ आला. कोपऱ्यातला सुशील टेबलाला टेकला. ऐकू यावं म्हणून शिपायानं पंखाच बंद केला. साहेबांना घाम फुटला.

"तुमच्या घरी पोरगा शिकतो त्याला तुमचा आधार. माझ्या घरी मी शिकते ते आधार नाय म्हणून. तुम्ही म्हणता शिकायचं सोड. सोडते. मग जन्मभर द्या मला मदत. शिकले तर उद्या मला ती नकोसुद्धा होईल. आता तुम्हीच सांगा, सरकारला कुठली बाई परवडते?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "फेरतपासणी लावतो. सोमवारी सकाळी दहाला सुशील येईल. त्याला नीट सांगा."

"सकाळी दहाला?" मनस्वी ओरडली.

"साहेब, मी बारानंतर गेलो तर?" सुशील चाचरत म्हणाला. आपण काय करून ठेवलं ते त्याला आत्ता कळलं होतं.

"तपासणी सकाळचीच. दुपारनंतर नेट चालत नाही."

गोदूबाईचा आवाज आणखी उतरला. "मग मीच येते. रोज, बारानंतर. मदत सुरू होईपर्यंत इथंच बसून गणितं सोडवीन. शब्द देते."

"या की. कचेरी तुमचीच आहे," साहेब म्हणाले आणि पंखा लावायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदूबाईनं देवापुढं दिवा लावला. पिशवीत गणिताचं पुस्तक, वही, डबा आणि बसायला चटईचा तुकडा भरला. मनस्वीनं अंथरुणातून एक डोळा उघडला.

"आये, आज शनिवार. कचेरी बंद. शिपाईसुद्धा नसेल गो. कुणाला दाखवणार?"

गोदूबाईनं गोळी घेतली, चपला घातल्या आणि दार आवाज न करता लोटून घेतलं. रोज म्हणजे रोज. आणि कचेरीच्या पायऱ्यांना सुट्टी नसते.

नाक्यावर रिक्षावाल्यानं हाक मारली, "कुठं, काकू?"

बारा वाजायचे होते. बोटानं दाखवता आलं असतं, पण खुणांवरचा तिचा विश्वास सुशीलनं पार घालवला होता. गोदूबाई पेणच्या रस्त्यानं चालत निघाली.