हरळीचा वैरी

माझा साडभाऊ किसन माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे कधी पाहत नसे. पायाकडे पाही. तिथे तण दिसलं की बोलणं अर्ध्यात टाकून खाली बसे आणि कमरेचं खुरपं काढे. मला पुष्कळदा वाटे, मी उभा नाही, वाफ्यात उगवलो आहे.

वाशीमच्या कडेला त्याचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. हरळी त्याची जन्माची वैरीण. उपटून, वाळवून, जाळायचा, वर राखेकडे पाहून म्हणायचा, "मुळी राह्यली असन." पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, आणि नवरीचा बाप मांडवाच्या मेढीखाली खुरपून राह्यला! मी त्याला येडा म्हणायचो, तो मला. दोघंही बरोबर असू. मी थोडा जास्त.

मोठा दुष्काळ सरल्यावर धरणाच्या पाण्याकाठी सरकारी बाग झाली. गोदाक्का, म्हणजे किसनची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, मला म्हणाली, "भाऊजी, एक डाव मले तिथं नुसतं बसाचं हाय. काही न करता." लग्नाला तीस वर्षं झाली होती. बाई बसायची ती तण निंदायलाच.

मी हट्टाला पेटलो. "किसनभाऊ, बागेत चालान नाही तर तुमच्या मळ्यात पाय ठेवनार नाही."

"नको ठेवू. माही मेथी वाचन," तो म्हणाला. पण आला.

चौघं एस.टी.नं गेलो. बागेत शिरताच किसन थबकला. पाण्यापर्यंत नुसती हिरवीगार हरळी!

"अरे देवा! पानी देऊ देऊ पोसून राह्यले हिले!"

आम्ही भाकरीचं गाठोडं उतरवेपर्यंत त्यानं खाटेएवढी जागा साफ केली. बागेचा माळी धावत आला.

"ओ बुढेबाबा! काय करून राह्यले?"

"तुहं काम. मुळी किती खोल गेली, पाह्य."

"अवो, ते लावेल हाय!"

"हरळी? लावेल? कोनं?"

"सरकारनं."

किसननं कपाळाला हात लावला. "सरकारच्या घरी कोनी शेतकरी नाही काय रे?"

माळी भडकला. "निघा सारे भाईर!" मी भांडायला उभा राहिलो, हटणारा मी नव्हेच. पण गोदाक्कानं गाठोडं मुकाट्यानं पुन्हा उचललं. अजून टेकलीही नव्हती बिचारी.

त्या दिवशी किसननं पहिल्यांदा कोणाच्या तोंडाकडे पाहिलं. खुरपं काढून माळ्याच्या हातात दिलं. "हे ठेव. पन तिले बसू दे." मग लोट्यानं पाणी आणून उपटलेली मुळी अन् मुळी त्यानं परत दाबली.

गोदाक्का बसली. पाण्याकडे तोंड करून, पाय लांब करून. हरळीवर हात फिरवत म्हणाली, "कशी गार लागते वो!"

 निघताना माळ्यानं खुरपं परत दिलं.

महिन्याभरानं मळ्यात गेलो, तर विहिरीजवळ खाटेएवढ्या वाफ्यात हरळी! किसन तिला पाणी देत होता.

"काहून भाऊ? वैरीन घरात?"

तो माझ्या पायाकडे पाहत म्हणाला, "तिले बसाले जागा कुठं होती मळ्यात?"

मग खाली बसून त्यानं खुरप्यानं एक रोप उपटलं आणि बांधावर फेकलं.

"मेथी उगवून राह्यली मंधात. मुळी राह्यली असन."