संजूचा ट्रक

आमच्या शेजारचे दत्तूभाऊ सगळ्या आदिलाबादला अरे-तुरे करायचे. डॉक्टरला, पोस्टमास्तरला; मी शाळामास्तर, मला तर रोजच. अहो-जाहो करायचे ते फक्त एका खेळण्यातल्या ट्रकला. "उतरा साहेब, सावकाश. घाई नाई." अंगणातून हा आवाज आला की नव्या भाडेकरूला वाटे, कोणी बडा पाहुणा आलाय.

दत्तूभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. पन्नाशीचे, एकटे. रिमोटवर चालणारा तो ट्रक त्यांनी दुबईहून परतलेल्या कोणाकडून घेतला होता. "माह्या पुतण्याचा हाय. संज्या, निर्मलले राह्यते. बिघडला, म्हनून दुरुस्त करून राह्यलो." ही दुरुस्ती पाच-सहा वर्षं चालली.

ट्रक मूळचा पळणारा. दत्तूभाऊंना ते पसंत नव्हतं. "सपाट सडकेवर कोनीबी पळते. चढला पायजे!" त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरमधली दातेरी चाकं घालून त्याचा वेग मुंगीवर आणला. निर्मल गावातल्या एका खेळणीवाल्याकडून मोठी लाकडी चाकं करून घेतली, आतून वजनासाठी शिशाच्या पट्ट्या ठोकल्या, वरून स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे चढवले. मग सांगाडाच मधोमध कापून बिजागरी बसवली. आता एक चाक दगडावर गेलं तरी बाकीची तीन जमीन सोडत नसत. माझ्या बायकोनं संजूसाठी दोनदा बेसनाचे लाडू दिले. "संज्या लय खूश झाला, वयनी," असा निरोपही आला.

एका रविवारी सकाळी दत्तूभाऊ दारात. "मास्तर, स्कूटर काढ. आज काया खडक."

इंद्रवेल्लीच्या रस्त्याला पुरुषभर उंचीचा एक काळा खडक होता. एका अंगानं चढ, दुसऱ्या अंगाला पाण्यानं भरलेली जुनी खदान. त्या वर्षांत त्या रस्त्यावर पोलिसांच्या जीपा फिरत. सडकेखाली सुरुंग पुरल्याच्या बातम्या रोज कानावर येत. मी म्हणालो, "दुसरीकडे जाऊ." दत्तूभाऊ आधीच मागच्या सीटवर बसले होते.

ट्रक अर्ध्यावर चढला आणि मागून ब्रेकचा आवाज आला. एक इन्स्पेक्टर, चार शिपाई, चार बंदुका. त्यांना काय दिसलं असेल ते मला तेव्हा कळलं : हातात डबा, डब्याला लांब एरियल, आणि शेजारी पक्की सडक.

"हाथ ऊपर! वो डब्बा नीचे रखो!"

माझे हात आपोआप वर गेले. दत्तूभाऊंनी मानसुद्धा वळवली नाही. "थांब रे जराक. बोट काढलं त खदानीत जाते."

"दत्तूभाऊ, बंदुका आहेत," मी कुजबुजलो.

"असू दे." मग आवाज एकदम मऊ करून, "या साहेब, वर या. उजवा पाय पयले."

इन्स्पेक्टरनं खडकावर उजवाच पाय ठेवला होता. तो थबकला. "मेरे को बोल रहा है?"

"नहीं साब," मी म्हणालो, "ट्रक को."

ट्रकचं पुढचं चाक हवेत फिरत होतं. मुरूम सुटून खाली गेला, ट्रक बोटभर घसरला, कलला. मी मनात देवाचा धावा केला. ट्रकमुळे की बंदुकीमुळे, सांगता येणार नाही. एका शिपायाची बंदूक खाली झुकली. "पडतदी, पडतदी!" तो तेलुगूत पुटपुटला. तेवढ्यात बिजागरी वळली, चाकानं कड पकडली, आणि ट्रक वर जाऊन उभा राहिला. शिपायानं श्वास सोडला.

इन्स्पेक्टरनं रिमोट हिसकावला. "किसका है ये?"

"पुतण्याचा. निर्मलले राह्यते."

"बैठो जीप में. निर्मल चलते हैं. भतीजा बोलेगा तो छोड़ूँगा."

जीप सुरूही झाली. मला हायसं वाटलं. "चला दत्तूभाऊ. संजू सांगेल, विषय मिटेल."

दत्तूभाऊ हलले नाहीत. बंदुकीपुढे न घाबरलेल्या त्या माणसाच्या कपाळावर आता घाम होता.

"संज्या नाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "भाऊ नाई, भैन नाई. पुतण्या कोठून येईन? मीच खेळतो."

"क्या बोला?" इन्स्पेक्टरनं मला विचारलं.

ते मला हिंदीत सांगावं लागलं. "साब, भतीजा नहीं है. ये खुद खेलते हैं."

एक शिपाई फिस्सकन हसला. इन्स्पेक्टरनं त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मग त्यानं रिमोट उलटासुलटा पाहिला, एरियल आत दाबली आणि तो दत्तूभाऊंच्या हातात दिला. "इधर मत आना, चाचा."

 घरी मी बायकोला सगळं सांगितलं.  पुढचा आठवडाभर दत्तूभाऊंच्या अंगणातून आवाज नाही.

रविवारी मी कुंपण ओलांडून गेलो. ट्रक पोत्याखाली झाकलेला.

"देऊन टाकतो कोनाले," दत्तूभाऊ म्हणाले. "लोकं हासतीन."

"मला चालवायचा आहे."

"तुले?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काऊन रे, कीव करून राह्यला?"

 मी धोतराची पर्वा न करता खाली मातीत बसलो आणि हात पुढे केला.

त्यांनी पोतं काढलं. रिमोट माझ्या हातात दिला, माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाब दाखवला. मी पहिल्याच दगडावर ट्रक उलटा केला. दत्तूभाऊ खो-खो हसले. मग उठले, भिंतीकडून दोन्ही हातांत दगड घेऊन आले आणि उकिडवे बसून एकेक मांडू लागले.

"तू चालव," ते मान खाली घालून म्हणाले. "आजलोक दगडं मीच लावाचो, अन् चालवाचोबी मीच."