घड्याळाभोवती घड्याळ

रे रोडच्या लाकडाच्या वखारींमध्ये एका सरकारी खात्याचं गोदाम होतं. त्यात जप्त केलेलं सागवान ठेवलेलं असे. दारावर लवू परब हा पहारेकरी सात वर्षं उभा होता. सात वर्षांत आतली एक ढलपीही बाहेर गेली नव्हती. त्यामुळे खात्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं.

सत्तावन्न साली खात्याने मोठा निर्णय घेतला. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर उतरली होती. लवूनेही लालबागच्या मोर्चात पाठीवर लाठी झेलली होती. राज्य देणं खात्याच्या हातात नव्हतं. हुकूम देणं होतं. तेव्हा शिपाई-पहारेकऱ्यांना जाणारे हुकूम यापुढे मराठीत काढावेत असं ठरलं, आणि त्यासाठी गिरगावच्या हेरंब वर्दे नावाच्या बी.ए. झालेल्या गृहस्थांची भाषांतरकार म्हणून नेमणूक झाली.

पहिलाच हुकूम लवूच्या गोदामाचा निघाला. शेजारच्या वखारीत चोरी झाली होती, म्हणून वरच्या साहेबांनी इंग्रजीत लिहिलं, 'कीप अ वॉच राउंड द क्लॉक.' चोवीस तास पहारा ठेवा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. हेरंबरावांनी कोश उघडला. वॉच म्हणजे मनगटी घड्याळ. क्लॉक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. राउंड म्हणजे भोवती. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'सदर गोदामी भिंतीवरील घड्याळाभोवती एक मनगटी घड्याळ ठेवण्यात यावे.'

गोदामाचे कारकून अप्पा यांनी हुकूम दोनदा वाचला.

"अप्पा, मनगटी घड्याळ म्हणजे वॉच. पहारा ठेवा म्हणायचं असणार," लवू म्हणाला. "पोलीस आमच्या चाळीवर वॉच ठेवतात म्हणतात ना, तसं."

"हुकमात पहारा शब्द आहे?"

"नाय."

"मग झालं तर. घड्याळ एकदा आलं असतं तर चूक म्हटलं असतं. इथे दोनदा आलंय."

दोन्ही घड्याळं आली. मोठं चौकीच्या भिंतीवर चढलं. पण धाकट्याचा पट्टा त्याच्याभोवती पुरेना. अप्पांनी वर लिहिलं, वरून मंजुरी आली, आणि परळच्या एका कारागिराने दोन हात लांबीचा पट्टा शिवून दिला. मनगटी घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाला कंबरपट्ट्यासारखं शोभू लागलं. मग तपासनीस आले. त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि लवूकडे बोट दाखवून विचारलं, "वॉचची व्यवस्था झाली. मग हा कोण?"

"वॉचमन," अप्पा म्हणाले.

प्रश्न हेरंबरावांकडे गेला. आठ दिवसांनी खुलासा आला, की वॉचमन म्हणजे वॉचचा माणूस. सबब त्याने घड्याळांना रोज चावी द्यावी व कामाच्या वेळात त्यांच्यावरून नजर हलवू नये. लवूची खुर्ची उलटी फिरवण्यात आली. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे.

"आणि दाराकडे कोण बघणार?"

"दाराबद्दल हुकूम आलेला नाही," अप्पा म्हणाले.

घरी त्याच्या बायकोला, शेवंतीला, हे पटेना. "पाठ फिरवन पहारो? मगे चोर इलो तर?"

"तेका टायम सांगायचो," लवू म्हणाला, आणि दोघंही हसली. पण त्या रात्री तो जेवला नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दारात लॉरी थांबली. पाठीमागे फळ्या सरकल्याचा आवाज झाला. फळी सागाची आहे हे लवूला आवाजावरून कळलं. तो हुकमाप्रमाणे घड्याळाकडे बघत राहिला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. तिसऱ्या मिनिटाला तो उठला आणि धावला. लॉरीच्या मागच्या फळकुटाला लोंबकळून त्याने एवढी बोंब ठोकली, की वखारींतले सगळे हमाल बाहेर आले. चोर माल टाकून पळाले. एक फळी लवूच्या पायावर पडून दोन बोटं मोडली. सागवान सगळं शाबूत राहिलं. तो लंगडत चौकीत आला, तेव्हा मनगटी घड्याळ पट्ट्यासकट नाहीसं झालं होतं.

चौकशी सुरू झाली. अहवालात सागवानाचा उल्लेखच नव्हता, कारण सागवान गेलंच नव्हतं. आरोप एकच : घड्याळ-मनुष्य घड्याळ सोडून गेला. लवूला तात्पुरतं घरी बसवलं.

तो गिरगावात हेरंबरावांकडे गेला. त्यांनी त्याला आदराने खुर्ची दिली, चहा दिला.

"साहेब, शब्द चुकला एवढं दोन ओळीत लिहून द्या. माझी नोकरी वाचेल."

हेरंबरावांनी दार लोटून घेतलं. "परब, चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली होती. पण आज मी ती कबूल केली, तर ते लोक काय म्हणतील? म्हणतील, बघा, मराठीत कारभार चालत नाही! उद्या राज्य मागायला तोंड राहील का आपल्याला? लाठी खाल्लीत ना तुम्ही? मग हेही सोसा. महाराष्ट्रासाठी."

लवू लंगडत घरी निघाला. लाठीच्या वेळी निदान कुणी मारतंय हे दिसत होतं.

चौकशी अडीच वर्षं चालली. साठ सालच्या मे महिन्यात राज्य आलं, आणि त्याच आठवड्यात लवूचा निकालही आला. चाळीच्या गॅलरीत पेढे वाटले जात होते. शेजारच्या कुशाबाने पाकीट फोडून मोठ्याने वाचलं : 'आपण बजावलेल्या प्रदीर्घ व निष्ठापूर्ण सेवेचे सदैव स्मरण ठेवून, कृतज्ञ अंतःकरणाने, आपणांस कामावरून कायमचे कमी करण्यात येत आहे.'

"वा!" कुशाबा म्हणाला. "एक इंग्रजी शब्द नाही."

"म्हणजे काय झाला ओ?" शेवंतीने नवऱ्याला विचारलं. लवूने तिला हळू आवाजात सांगितलं. ती खाली बसली.

तेवढ्यात टोकाच्या खोलीवाल्यांनी नीट ऐकू आलं नाही अशी तक्रार केली. कुशाबाने हुकूम पुन्हा वाचला, सावकाश, जोडाक्षरांवर जोर देत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाक्य खरोखरच सुरेख होतं. तुम्हालाही आत्ता वाचताना आधी भाषाच आवडली असेल.