जोडीचा टीव्ही

"बघशील तू! वर्षभरात नोकरी सोडतो की नाही ते!"

राजेंद्र तांबेने बायकोसमोर, यशोधरासमोर, ही घोषणा केली तेव्हा तो बदलापूरच्या आपल्या घरात जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि एका जुन्या, एकवीस इंची टीव्हीची काच स्वतःच्या बनियनने पुसत होता. आनंदनगरच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. खिळे, बोल्ट आणि ग्रीसचे डबे मोजून मोजून त्याचा जीव विटला होता. त्यातच २००६ साल संपता संपता त्याला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत साक्षात्कार झाला! जुन्या वस्तू इंटरनेटवर विकता येतात! दुकान नको, गल्ला नको, गिऱ्हाइकाचं तोंडसुद्धा बघायला नको!

लगोलग तो उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनला गेला आणि टहिलराम शेठच्या जुन्या मालाच्या दुकानातून तीन हजारांना हा टीव्ही घेऊन आला. जाहिरातीत त्याने लिहिलं, 'अतिउत्तम स्थिती, एका सुशिक्षित कुटुंबाने जपून वापरलेला, फक्त साडेचार हजार.' सुशिक्षित कुटुंब म्हणजे आपणच, आणि वापर म्हणजे कालपासूनचा. त्यामुळे हे खोटं आहे असं काही त्याला वाटलं नाही.

अडचण एकच होती. टीव्ही ठेवला होता खिडकीजवळच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा मुलीचा, मनालीचा होता. मनाली दहावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. त्या कोपऱ्यात तिच्यासाठी टेबल यायचं होतं. टेबलाच्या जागी टीव्ही आला आणि पोरगी कॉटवर पाय दुमडून, मांडीवर उशी, उशीवर वही ठेवून बीजगणित सोडवायला लागली. तिच्या समीकरणाच्या बरोबरच्या खुणासुद्धा तिरक्या यायला लागल्या होत्या.

तीन आठवडे एक फोन आला नाही. शेवटी यशोधराचा संयम संपला. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे ओरडायची नाही. मुदत द्यायची.

"हे बघा, टेबलाचे पैसे मी साठवलेत. रविवारी हा टीव्ही गेला तर गेला, नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय. आणि तुमचा तो इंटरनेटचा धंदा कायमचा बंद!"

आणि काय आश्चर्य! शनिवारी फोन वाजला.

"टीव्ही हाय का गेला?" पलीकडून खणखणीत आवाज आला. बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर राहणाऱ्या वाळू नावाच्या शेतकऱ्याचा. यंदाच पाड्यात वीज आली होती आणि बायको जिजाने टीव्हीचा धोशा लावला होता. कारखान्यात कामाला असलेल्या पुतण्याने, साईनाथने, जाहिरात बघून नंबर दिला होता.

रविवारी सकाळी दहाला वाळू हजर झाला. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. चहा बाजूला ठेवून त्याने आधी टीव्हीला एक प्रदक्षिणा घातली. पाठीवर थाप मारली. वाकून मागच्या जाळीतून आत बघितलं.

"वय काय?"

"सहा-सात वर्षं."

"म्हंजी दम हाय अजून. चालू करून दावा."

राजेंद्रने जादूगाराच्या थाटात बटण दाबलं. त्याच क्षणी डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला आणि स्वयंपाकघरातला मिक्सर गप्प झाला.

लोडशेडिंग!

"अहो, पण आज अकराला जायला पाहिजे!" राजेंद्र दाराकडे धावला. दारामागे त्याने पेपरातलं वेळापत्रक कापून चिकटवलं होतं. "हे बघा, छापलंय!"

"कागद नको मना. टीव्ही दावा."

"दोन-तीन तासांत येईल वीज."

"मंग माजी गाडी जाईल. पावने, म्हशाच्या जत्रंत बैल घेतो ना आमी, तवा चार पावलं चालवून बगतो. बसलेला बैल कोन घेतो?"

राजेंद्रला एकदम कल्पना सुचली. "अंबरनाथला माझी बहीण आहे. तिच्याकडे या वेळेला वीज असते. चला!"

यशोधराने कपाळाला हात लावला, पण टेबलाचे पैसे काढून त्याच्या खिशात घातले. "टीव्ही गेला की तसेच फर्निचरवाल्याकडे जा. रिकाम्या हाताने येऊ नका."

रिक्षात मधोमध टीव्ही, एका बाजूला राजेंद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, अशी वरात निघाली. भाडं अर्थातच वरपक्षाचं, म्हणजे राजेंद्रचं. अंबरनाथला बहीण रोहिणीने दार उघडलं आणि भावाच्या मिठीत टीव्ही बघून ती घाबरलीच.

"दादा, घर सोडलंस काय?"

"वीज आहे ना?"

"आहे की!"

राजेंद्रने धापा टाकत दोन जिने चढवलेला टीव्ही खाली ठेवला, पिन बोर्डात घातली आणि वीज गेली. रोहिणीने शांतपणे सांगितलं, "आजपासून वेळा बदलल्यात ना. पेपरात आलंय. तू वाचत नाहीस का?"

वाळूने टोपी सारखी केली. "पुडं कुटं?"

पुढे शहाड. तिथे राजेंद्रच्या कारखान्यातला बबन राहायचा. शहाडला वीज होती! टीव्ही लागला! राजेंद्रला आनंदाने नाचावंसं वाटलं. पण पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि कानात खरखर.

"केबलवाल्याकडे लाइट गेलीय," बबन म्हणाला. "तो बसतो तिकडे लोडशेडिंग आहे."

वाळू पडद्यासमोर वाकला. मग आजारी जनावराकडे बघावं तसं बघून हळहळला. "आतून किडं लागलं याला."

"अहो, किडे नाहीत! केबल नाही!"

"मंग चित्र दावा."

एव्हाना दुपार झाली होती; वाळूची गाडी सुटली होती आणि आता त्याला संध्याकाळच्या गाडीपर्यंत वेळच वेळ होता. राजेंद्रच्या शर्टाची घामाने रया गेली होती. पण आता टीव्ही विकणं हा धंदा राहिला नव्हता, तो अब्रूचा प्रश्न झाला होता. रिकाम्या हाताने गेलो तर यशोधरा काही बोलणार नाही, आणि तेच जास्त भयंकर! शेवटी रिक्षावाल्यालाच दया आली.

"साहब, एक दुकान है. जनरेटर भी है, अँटेना भी. चलो, मैं ले चलता हूँ."

रिक्षा कॅम्प तीनच्या बाजारात शिरली, जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत वळली आणि एका दुकानासमोर थांबली. पाटी बघून राजेंद्र रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापा मारायला लागला.

"इथे नको! पुढे घ्या, पुढे!"

पण वाळू टीव्ही उचलून कधीच खाली उतरला होता, आणि गल्ल्यावरून टहिलराम शेठचा प्रेमळ आवाज आला, "आओ साईं, आओ! अरे, ये तो अपनाच टीव्ही! क्या हुआ, बिगड़ गया?"

"तुमचा?" वाळूने शेठकडे बघितलं. मग राजेंद्रकडे बघितलं. "जपून वापरलेला ना?"

राजेंद्र जनरेटरकडे बघत राहिला.

शेठने पिन लावली. टीव्ही लागला. चित्र काय सुरेख! रंग काय, आवाज काय! दिवसभर रुसलेला टीव्ही मालकाच्या घरी येताच पोपटासारखा बोलायला लागला! पण वाळूचं लक्षच नव्हतं. तो कोपऱ्यातल्या दुसऱ्या टीव्हीसमोर उकिडवा बसला होता. जुन्या घाटाचा, लाकडी खोक्यातला, समोर सरकती दारं असलेला टीव्ही.

"हा बरा. दारं हायत. आमच्याकडं कोंबड्या लय. लावलं दार का झालं."

"कितने में लेगा?" शेठ म्हणाला.

वाळूने खांद्यावरचा टॉवेल काढून पुढे केला. शेठचा चेहरा खुलला. "अरे वाह! मेरे बाप कपडे का सौदा ऐसेच करते थे!" दोघांचे हात टॉवेलखाली गेले आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरायला लागला. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. एक अक्षर कुणी बोललं नाही. जगातल्या कुणालाही घरबसल्या माल विकायला निघालेला राजेंद्र दोन फुटांवर उभा राहून मान वाकडी करत होता, पण त्याला एक बोट दिसलं नाही. मग हात बाहेर आले आणि सौदा झाला.

"शेठ," राजेंद्र रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझा परत घ्या ना."

"साईं, दिया हुआ माल वापस कैसे लूँ? लेकिन तेरे जैसा दूसरा पीस परसों आया है. सेम टू सेम."

"मी दुसऱ्याचं काय करू?"

इथे वाळूचं मन द्रवलं. माणसाने आपल्यासाठी दिवसभर भाडं भरलं, घाम गाळला, तेव्हा चार शब्द शहाणपणाचे सांगणं त्याला कर्तव्य वाटलं.

"पावने, चुकतं कुटं सांगू? तुमी एकटाच बांदून ठेवलाय. एकटा बैल कोन घेतो? जोडी असली का गिऱ्हाईक आपून येतं."

"सच्ची बात!" शेठ म्हणाला.

आता कोणताही शहाणा माणूस यावर हसला असता. पण राजेंद्र सकाळपासून उपाशी होता, आणि बैलाच्या बाबतीत वाळूचं म्हणणं दिवसभर खरं ठरत आलं होतं. त्याने खिशात हात घातला. खिशात टेबलाचे पैसे होते.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा पुन्हा लोडशेडिंग होतं. यशोधरा मेणबत्ती घेऊन दारात आली.

"गेला का टीव्ही?"

"तसा... गेला होता."

"आणि टेबल?"

मागून रिक्षावाल्याने दुसरा टीव्ही आणून पहिल्याशेजारी ठेवला. यशोधराने मेणबत्ती एकावर धरली, मग दुसऱ्यावर, मग नवऱ्याच्या तोंडावर.

"जोडी आहे," राजेंद्र पुटपुटला.

ती काहीच बोलली नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉटवर मनाली वही मिटून दोन्ही टीव्हींकडे बघत होती.

"पप्पा, दोघांची उंची एकच आहे?"

"सेम टू सेम," राजेंद्र खालमानेने म्हणाला.

मनाली उठली. माळ्यावर जुन्या दाराची फळी पडली होती, ती तिने बापाला काढायला लावली. दोन टीव्ही अंतर सोडून ठेवले, वर फळी टाकली, फळीवर आईची जुनी चादर. स्टूल ओढून ती बसली. पाय मधे बरोबर मावले! मेणबत्ती ठेवून तिने वही उघडली आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या समीकरणाची बरोबरची खूण सरळ आली. पोरीने एका शब्दाने टोचलं नाही, म्हणून राजेंद्रचे डोळे भरून आले. सोमवारी भंगारवाला आला, त्याला यशोधराने दारातूनच परत पाठवलं.

फेब्रुवारीत एके दिवशी फोन वाजला. कल्याणचा माणूस होता. जाहिरात बघितली होती, घासाघीस नाही, पूर्ण साडेचार हजार, आत्ता येतो म्हणत होता! राजेंद्र घाईघाईने पत्ता सांगायला लागला. यशोधराने शांतपणे फोन काढून घेतला.

"कोणता टीव्ही? अहो, तो आमच्या टेबलाचा पाय आहे. परीक्षा झाल्याशिवाय निघणार नाही." आणि तिने फोन बंद केला.

मनाली फिसकन हसली. राजेंद्रने दोन्ही टीव्हींवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "निदान जोडीचे किती देतो, ते तरी विचारायचं होतंस!"