तीन नंबरची जागा

रविवारी सकाळी साडेदहाला सुपरवायझरसाहेबांनी स्वयंपाकघरात शिट्टी वाजवली आणि घरातली चारही माणसं ओट्याशी येऊन उभी राहिली. बायको, मुलगी, सासूबाई आणि चार दिवस राहायला आलेला मेहुणा. मेहुण्याच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस तसाच होता.

"हे काय रूप?" साहेबांनी विचारलं.

"दाजी, शिट्टी वाजली म्हणून धावत आलो. मला वाटलं, आग लागली."

"आगीला लांब शिट्टी. कामाला आखूड. काल सांगितलं होतं."

साहेब साबणाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यावर सुपरवायझर होते. सोळा वर्षं ते पट्ट्याच्या कडेला उभे होते. पट्टा उजवीकडून डावीकडे सरकायचा, त्यावरून खोकी जायची, आणि साहेब शिट्टी वाजवायचे. सोळा वर्षांत त्यांची अशी खात्री झाली होती की जगातली सगळी दुःखं माणसं आपली जागा सोडून बडबड करतात म्हणून आहेत. जो तो आपल्या नंबरावर तोंड मिटून उभा राहिला, तर सगळं जग कसं सुरळीत सरकेल! स्वतः साहेबांना मात्र नंबर नव्हता. ते सगळ्या नंबरांच्या वर होते.

आणि आता आणखी वर जायची वेळ आली होती. मुख्य सुपरवायझर महिन्याभरापूर्वी निवृत्त झाले होते. त्यांची काचेची केबिन आणि गोल फिरणारी खुर्ची रिकामी होती. जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला कोणी नाही असं बघून साहेब त्या खुर्चीत दोनदा बसून आले होते. दुसऱ्यांदा तर एक गिरकीसुद्धा घेतली होती.

खुर्ची कोणाला द्यायची ते मोठ्या साहेबांच्या हातात होतं, आणि मोठे साहेब आज एक वाजता सपत्नीक जेवायला येणार होते. झालं असं, की गेल्या आठवड्यात मीटिंगनंतर सगळ्यांसाठी बाहेरून बर्गर रॅप मागवले होते आणि ते यायला पाऊण तास लागला. भुकेने मोठ्या साहेबांची चिडचिड झाली. आपल्या सुपरवायझरसाहेबांनी लगेच संधी साधली. "साहेब, ह्या हॉटेलवाल्यांना पद्धत माहीत नाही. आपल्या पट्ट्याच्या पद्धतीने मी घरी दहा मिनिटांत वीस रॅप काढून दाखवतो. घरची माणसं घेऊन!" मोठे साहेब म्हणाले, "येतोच बघायला." असं बोलून विसरणारे ते गृहस्थ नव्हते.

साहेबांच्या वाटेत काटा एकच होता. गेले तीन महिने बाजारातून तक्रारी येत होत्या. वरून चकचकीत, सीलबंद खोकं, आणि आत साबणच नाही! साहेबांनी चौकशी करून अहवाल दिला होता की माल नेणारे ड्रायव्हर वाटेत साबण काढून घेतात. सील न तोडता कसं काढतात, असं कोणीतरी विचारलं. "ते लोक काहीही करू शकतात," असं साहेबांनी उत्तर दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फाटकावर सगळ्या ड्रायव्हरांच्या खिशांची झडती व्हायची. आजवर साबणाची एक वडीही सापडली नव्हती. ड्रायव्हर किती बेरकी आहेत याचा साहेबांना तो आणखी एक पुरावा वाटायचा.

तर स्वयंपाकघरात साहेबांनी ओट्यावर चिकटपट्टीने पाच जागा आखल्या. एक नंबरला बायको. तिने रॅपची पोळी तव्यावर गरम करून ताटलीत टाकायची. दोन नंबरला मुलगी, तिने सॉस फासायचा. चार नंबरला सासूबाई, काकडी आणि सॅलडची पानं. पाच नंबरला मेहुणा, त्याने गुंडाळी करून कागदात बांधायची.

"आणि तीन नंबर?" मुलीने विचारलं.

"तिथे मी. पॅटीचे तुकडे आणि चीज. मुख्य माल आहे. जबाबदारीचं काम मी दुसऱ्यावर टाकत नसतो."

नियमांचा कागद फ्रिजवर लागला. कामाच्या वेळी बोलायचं नाही. दुसऱ्याच्या जागेवरच्या वस्तूला हात लावायचा नाही. शिट्टी वाजली की ताटली डावीकडे सरकवायची, मग काहीही होवो. आणि कोणाला सूचना करायची असलीच, तर ती लेखी. त्यासाठी साहेबांनी बुटांच्या रिकाम्या खोक्याला वरून चीर पाडून सूचनापेटी केली होती. शेजारी कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. कारखान्यात हुबेहूब अशीच पेटी होती, फक्त ती पत्र्याची होती आणि तिला कुलूप होतं.

अकरा वाजता रंगीत तालीम झाली. चौथ्या ताटलीला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, काकडीखाली आधी पान घालू का? काकडीला पाणी सुटलं की पोळी ओली होते हो."

शिट्टी वाजली. साहेबांनी लाल पेन काढलं आणि फ्रिजवरच्या कागदावर 'चार नंबर' असं लिहून पुढे ठसठशीत लाल फुली मारली.

"आई, राग मानू नका. नियम तो नियम."

सासूबाईंनी चाळीस वर्षं रोज बारा माणसांचा स्वयंपाक केला होता. त्यांनी त्या लाल फुलीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

बायकोने चमकून मागे पाहिलं. आईचं हे 'बरं' तिच्या ओळखीचं होतं. असंच एकदा 'बरं' म्हणून आईने वडिलांशी अख्खा उन्हाळा अबोला धरला होता.

मोठे साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब एकला पाच मिनिटं कमी असतानाच आले. साहेबांनी त्यांना जेवणाच्या टेबलाशी अशा ठिकाणी बसवलं, की तिथून सगळा ओटा दिसावा. तीन नंबरला पॅटीच्या तुकड्यांचं ताट फडक्याखाली झाकून तयार होतं. साहेबांनी छातीभर श्वास घेतला आणि शिट्टी वाजवली.

पहिली पोळी तव्यावर पडली. साहेब आपल्या जागेकडे निघालेही होते. तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, "वा! पण ह्या चिकटपट्ट्या कशासाठी?" आता साक्षात मोठ्या साहेबांनी विचारलं म्हटल्यावर त्यांच्याकडे पाठ करून पॅटी कोण उचलणार? साहेब फिरले, टेबलाशी गेले आणि हातात स्टॉपवॉच धरून समजावू लागले. चिकटपट्टीवरून ते शिस्तीवर आले, शिस्तीवरून स्वतःवर आले. स्वतःवर आले की त्यांना परत जायची वाट सापडत नसे. मध्येमध्ये ओट्याकडे न बघताच ते शिट्टी वाजवत होते.

शिट्टीसरशी मुलीने सॉस लावलेली ताटली तीन नंबरला सरकवली. तिथे कोणी नव्हतं. पुढच्या शिट्टीला ती ताटली मुलीनेच लांबून ढकलली आणि ती चार नंबरला पोचली. सासूबाईंनी आधी ताटलीकडे पाहिलं. मग फडक्याखालच्या ताटाकडे, मग जावयाकडे आणि सगळ्यात शेवटी लाल फुलीकडे. नंतर त्यांनी शांतपणे काकडी ठेवली. काकडीवर पान ठेवलं. खाली नाही.

"अहो..." बायको म्हणाली.

शिट्टी. "सूचना लेखी!" साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "घर असलं तरी सवलत नाही."

बायकोने दुसरी पोळी तव्यावर टाकली. मुलीने सॉसच्या हाताने कागद ओढून दोन शब्द खरडले आणि पेटीत टाकले. गुंडाळी बांधताना मेहुण्याने एकदा ती हातात तोलून पाहिली, डोकं खाजवलं आणि त्यानेही चिठ्ठी टाकली. सासूबाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला. दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात एकेक शब्द करत, सुवाच्य अक्षरात त्यांनी आपली सूचना लिहिली, कागदाची नीट चौपदरी घडी घातली आणि पेटीत सोडली. पट्टा थांबला नाही.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "सूचनापेटीसुद्धा चालू आहे."

"आपल्या खात्यातही आहे ना पेटी?"

"आहे तर! पण आपले कामगार इतके समाधानी आहेत साहेब, की ती उघडायची कधी वेळच आली नाही."

"म्हणजे उघडलीच नाही?"

"गरजच पडली नाही," साहेब अभिमानाने म्हणाले.

नऊ मिनिटं वीस सेकंदांत वीस रॅप टेबलावर आले. कागदात घट्ट बांधलेले, एका मापाचे, एका रांगेत. मोठ्या साहेबांनी मनापासून टाळी वाजवली. साहेबांच्या डोळ्यांपुढे खुर्ची गरकन फिरली.

मोठ्या साहेबांनी पहिला घास घेतला आणि चावला. दुसरा घेतला. तो जरा जास्त वेळ चावला.

"हलकं आहे हं," बाईसाहेब सांभाळून म्हणाल्या. "पथ्याला छान."

"ह्यात काय काय असतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"चिकनची पॅटी आणि चीज, साहेब! मुख्य माल तोच."

मोठ्या साहेबांनी रॅप ताटलीत उलगडला आणि काट्याने पान बाजूला केलं. पानाखाली काकडी होती. काकडीखाली सॉस होता, आणि सॉसखाली पोळी.

साहेबांनी दुसरा रॅप उघडला. मग तिसरा. मग ते भराभर उघडतच सुटले. बारा रॅप टेबलावर उताणे पडले आणि बाराहींच्या पोटात काकडीच निघाली. साहेबांच्या डोक्यात सोळा वर्षांची सवय जागी झाली आणि त्यांनी माल सगळ्यात शेवटी हाताळणाऱ्या माणसाकडे, म्हणजे मेहुण्याकडे, बोट केलं.

"खिसे दाखव!"

"दाजी, अहो, सॉस लावलेलं चिकन मी खिशात कशाला भरू?"

"तुम्ही लोक काहीही करू शकता! खिसे दाखव म्हणतो ना!"

मेहुण्याने दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. एकातून कंगवा पडला. टेबलाशी बसलेले मोठे साहेब त्या लोंबणाऱ्या खिशांकडे टक लावून बघत राहिले.

तोवर बाईसाहेबांनी बुटांचं खोकं जवळ ओढलं होतं. "चिठ्ठ्या वाचू का? काम तर झालं ना?" असं म्हणून त्यांनी उत्तराची वाट न बघता पहिली चिठ्ठी उघडली. सॉस लागलेली होती.

"'बाबा, तीन नंबरला कोणीच नाहीये.'"

दुसरी उघडली. "'दाजी, पुड्या हलक्या लागतायत. थांबायचं का?'"

तिसरी चौपदरी होती. "'पॅटी फडक्याखाली झाकलेली आहे. जावईबापूंची वाट बघते आहे. मला लाल फुली असल्यामुळे मी बोलत नाही. कळावे. चार नंबर.'"

मोठे साहेब हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओट्याशी मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती आणि बायको पदराने डोळे पुसत होती. मग मोठ्या साहेबांचं हसू कमी कमी होत गेलं आणि थांबलं. त्यांनी उलगडलेल्या रॅपकडे पाहिलं, मेहुण्याच्या खिशांकडे पाहिलं.

"आपल्या पट्ट्यावर खोक्यात साबण कोण टाकतं हो?"

"यंत्र टाकतं, साहेब."

"आणि ते मध्येच अडकलं, तर?"

"तर कामगारांनी लेखी..." सुपरवायझरसाहेबांचा हात आपसूक गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

"पेटीची किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली साहेबांच्या गळ्यातच होती. शिट्टीच्या दोरीला, शिट्टीच्या शेजारी. साहेबांनी ती सुटी करायचा प्रयत्न केला, पण सोळा वर्षांत गाठ आवळून दगड झाली होती. शेवटी दोरी डोक्यावरून काढून, किल्ली आणि शिट्टी दोन्ही मोठ्या साहेबांच्या हातावर ठेवावी लागली.

"उद्या नऊ वाजता पेटी उघडू," दोरी खिशात टाकत मोठे साहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि हो, सगळ्या ड्रायव्हरांनाही बोलवा."

तेवढ्यात ओट्याशी सासूबाईंनी हात वर केला.

"चार नंबर बोलू का?"

"बोला की, आई!" मोठे साहेब म्हणाले.

"पॅटी गार झाली आहे. गरम करते आणि नव्याने भरून देते. पाच मिनिटं लागतील."

मग त्या स्वयंपाकघरात नुसता गलका उडाला. बायको आईच्या जागेवर, आई तीन नंबरला, मेहुणा तव्याशी, बाईसाहेब पदर खोचून कांदा चिरायला. "आधी पान घाल गं," "चीज जास्त घाल, मामा," असं जो तो बोलत होता, एकमेकांच्या ताटात हात घालत होता. रॅप वेडेवाकडे होत होते आणि टेबलावर पोचायच्या आत संपत होते. मोठ्या साहेबांनी तर ओट्याशी उभं राहूनच तीन खाल्ले.

सुपरवायझरसाहेबांना कुठे उभं राहावं तेच कळेना. जिथे जावं तिथे ते कोणाच्या तरी मध्ये येत होते. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. अखेर ते हळूच तीन नंबरच्या चिकटपट्टीपाशी गेले.

"आई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मलाही एक..."

सासूबाईंनी मान वर न करता बुटांचं खोकं त्यांच्याकडे सरकवलं.

"लेखी द्या, जावईबापू."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेन्सिल उचलली.